बर्फाचे थर कसे वाचायचे: हिमस्खलनाच्या उतारावर पाय ठेवण्याआधी

बघत राहावी अशी भिंत निघाली होती. बर्फाचे थर तपासायला खणलेला सव्वा मीटर खोल खड्डा, कडा सरळ, थर एकावर एक नीट बसलेले. भिंतीतून मोकळ्या केलेल्या बर्फाच्या स्तंभावर चाचणीच्या तीसही थापा मारल्या तरी तो जागचा हलला नाही. वहीत ‘स्थिर’ असं लिहून आम्ही निघालो. शंभरेक मीटर गेलो असू, तेवढ्यात पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज झाला. कानापेक्षा पोटातच जास्त जाणवला. आजूबाजूचा बर्फ बोटभर खाली बसला. उतार तिथे जेमतेम पंधरा अंशांचा होता आणि वर काही लटकत नव्हतं, म्हणून काही सरकलं नाही. मागे येऊन पाहिलं तर चूक साधी होती. खड्डा आम्ही झाडांच्या गटाला लागून खणला होता, कारण तिथे वारा लागत नव्हता आणि उभं राहायला बरं वाटत होतं. फांद्यांवरून पडलेल्या बर्फाच्या गठ्ठ्यांनी तिथले थर कधीच दाबून टाकले होते. म्हणजे आम्ही उताराची तपासणी केलीच नव्हती, आमच्या सोयीची केली होती.

तेव्हापासून मी खड्डा खणतो तो ‘जाऊ नका’ म्हणायला कारण मिळतंय का, हे शोधायला. ‘जा’ म्हणायला खड्ड्याला तोंड नसतं. पुढचं सगळं याच नजरेने वाचा.

आधी एक गोष्ट: हा लेख वाचून कुणी उतारावर तज्ज्ञ होत नाही. जाणत्या प्रशिक्षकासोबत हिमस्खलन-सुरक्षेचा कोर्स करायला पर्याय नाही. कोर्स केलेल्यांना उजळणी म्हणून आणि करणार असलेल्यांना पूर्वतयारी म्हणून हे कामाला यावं.

सरकतं ते नेमकं काय

सुट्या बर्फाचं स्खलन एका बिंदूपाशी सुरू होतं आणि खाली येताना पंख्यासारखं पसरतं. ते वरून दिसतं, बऱ्याचदा चुकवता येतं. माणसं बळी पडतात ती बहुतेक स्लॅबच्या स्खलनात. स्लॅब म्हणजे आपसांत घट्ट धरलेल्या बर्फाची पाटी. तिच्याखाली एक कच्चा थर असतो, कधी दोन मिलिमीटरचा तर कधी वीतभर, आणि त्याखाली घसरायला बैठक. माणसाच्या वजनाने कच्चा थर एका जागी ढासळतो आणि तिथून तडा थराच्या आतल्या आत चहूबाजूंना धावत सुटतो. वरच्या पाटीचा आधार एकदम जातो आणि ती वरच्या अंगाला फाटते. म्हणून अडकलेला माणूस बहुतेक वेळा पाटीच्या मधोमध असतो आणि भेग त्याच्या डोक्याच्या वर उघडते. माणसं मरतात त्या दहापैकी साधारण नऊ घटनांत स्खलन अडकलेल्याने किंवा त्याच्याच गटातल्या कुणीतरी सुरू केलेलं असतं. हे वाईट वाटण्यासारखं असलं तरी त्यात आपल्या हातात बरंच काही आहे, हेही दिसतं.

उताराचा हिशोब ठरलेला आहे. कोरड्या स्लॅबची बहुतेक स्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुरू होतात. त्याहून फार उभ्या कड्यावर बर्फ साचतच नाही, थोडा थोडा झडत राहतो. ३० च्या आत सुरुवात क्वचित होते. पण तुम्ही २० अंशांवर चालताय आणि डोक्यावर ३८ अंशांची भिंत आहे, तर तुम्ही ३८ अंशांच्याच गोष्टीत आहात. कच्चा थर पसरलेला असेल तर सपाटीवरून पडलेला तडाही वरच्या उतारापर्यंत जातो आणि तो उतार खाली येतो.

निघण्याआधी, नकाशा समोर ठेवून

पहिलं काम त्या प्रदेशाचं हिमस्खलन-पत्रक वाचणं. स्वित्झर्लंडसाठी ते दाव्होसची एसएलएफ संस्था काढते, भारतीय हिमालयासाठी डीआरडीओची डीजीआरई. युरोपात १९९३ पासून पाच पायऱ्यांचं एकच मोजमाप वापरलं जातं आणि आता जगात बहुतेक ठिकाणी त्याच धर्तीवर पाच पायऱ्या असतात. इथे मन एक चकवा देतं. पाचातली तिसरी म्हणजे मधली, म्हणजे ठीकठाक, असं वाटतं. पण धोका पायरीगणिक सारखा वाढत नाही, उड्या मारत वाढतो. तिसऱ्या पायरीवर एकट्या माणसाच्या वजनानेही स्लॅब सुटू शकते. चौथ्या-पाचव्या पायरीला लोक बाहेरच पडत नाहीत. तिसरीला पडतात, आणि अपघातांचा मोठा वाटा तिथला असतो.

आकड्यापेक्षा मी ‘समस्या कोणती’ हा मजकूर आधी वाचतो. ताजा बर्फ, वाऱ्याने साठवलेला बर्फ, टिकून राहणारा कच्चा थर, ओला बर्फ, आणि जमिनीवरून अख्खाच घसरणारा बर्फ: या पाचांपैकी कुठली समस्या आहे त्यावर दिवसभर काय शोधायचं ते ठरतं. वाऱ्याचा बर्फ असेल तर डोळे उघडे ठेवून तो ओळखता येतो, चुकवता येतो. टिकाऊ कच्चा थर वरून दिसत नाही आणि आठवडे-महिने तसाच पडून राहतो. वाऱ्याच्या बर्फात डोळ्यांवर भरवसा ठेवता येतो. टिकाऊ कच्चा थर असेल तर सरळ ३० अंशांच्या आतली वाट धरायची.

मग नकाशावर उतार मोजा. १:२५,००० च्या नकाशावर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतील, तर दोन रेषांमधली जागा १.४ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की उतार ३० अंशांच्या वर गेला. १:५०,००० वर ४० मीटरच्या रेषा असतील तरी माप तेच. डिजिटल नकाशावर उताराचे रंग चढवता येतात, ते चढवाच. पण दहा-पंधरा मीटर उंचीचा मधलाच उंचवटा दोन रेषांच्या मध्ये लपतो आणि नकाशाला कळतही नाही. तेवढा उंचवटासुद्धा माणूस गाडायला पुरतो, विशेषतः खाली घळ असेल तर. घळीत थोडा बर्फही खोल साचतो.

हवामानात उद्याच्या अंदाजाइतकंच मागच्या दहा दिवसांत काय घडलं हेही पाहा. निरभ्र थंड रात्री कधी होत्या, बर्फ कधी पडला, वारा कुठल्या दिशेने किती तास वाहिला, मध्येच पाऊस झाला का. थर हीच या दिवसांची डायरी असते, फक्त जुनी पानं खाली.

वाटेवर दिसणारी, ऐकू येणारी चिन्हं

खड्ड्याचं कौतुक फार होतं, पण सगळ्यात भरवशाच्या खुणा फुकट मिळतात. त्या महत्त्वाच्या क्रमाने सांगतो.

ताजं स्खलन दिसलं की विषय संपला. ज्या दिशेच्या, ज्या उंचीवरच्या, ज्या तीव्रतेच्या उतारावर ते झालं, तसे बाकीचे उतारही त्या दिवशी वर्ज्य. दुर्बीण बाळगा, दरीपलीकडच्या उतारावर भेगेची सरळ रेषा आणि खाली गठ्ठ्यांचा ढीग दुरूनही ओळखू येतो.

त्यानंतर ती ‘धप्प’. पायाखालचा कच्चा थर मोठ्या भागात एकदम बसला की हा आवाज येतो. तो ऐकून काही लोक हसतात, ‘बर्फ बसतोय, चांगलंच आहे’ म्हणतात. प्रत्यक्षात पाटी, कच्चा थर आणि तडा धावण्याची क्षमता या तिन्ही गोष्टी तिथे आहेत, याचा तो पुरावा असतो. चौथी फक्त उताराची तीव्रता राहिली. पावलापासून किंवा स्कीच्या टोकापासून भेगा सुळकन पुढे धावल्या तर अर्थ तोच.

मग नवा भार. चोवीस तासांत ३० सेंटिमीटर बर्फ पडला, तर इतर काही न पाहताही सावध व्हा; वारा असेल तर त्याहून कमीही पुरतो. तासाला दोन-तीन सेंटिमीटरच्या वेगाने पडत असेल तर खालच्या थरांना सावरायला वेळच मिळत नाही. कोरड्या बर्फावर पाऊस पडला तर धोका काही मिनिटांत वाढतो.

वाऱ्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण आभाळ निळं असतानाही तो उतारावर बर्फाचा भार लादत राहतो. ताशी साधारण २५ किलोमीटरच्या पुढे वारा गेला की सुटा बर्फ उचलला जातो आणि कड्याच्या पलीकडे, वाऱ्याआडच्या बाजूला साचतो. ही भर आभाळातून पडणाऱ्या बर्फाच्या कित्येक पट वेगाने होते. कड्यावरून बर्फाचा धूर उडताना दिसला तर तो कुठे पडतोय ते पाहा. छज्ज्यासारखी पुढे आलेली बर्फाची कड ज्या बाजूला झुकलेली, तिच्याखालचा उतार भरलेला. जुन्या वाऱ्याच्या खुणाही वाचता येतात: खडकामागची शेपटी वारा ज्या दिशेला गेला तिकडे निमुळती होते, उलट करवतीच्या दात्यांसारख्या कोरीव लाटांचा टोकदार, उभा तोंडवळा वारा आला त्या दिशेला असतो. वाऱ्याने रचलेली पाटी गुळगुळीत, मॅट, खडूसारखी दिसते आणि काठी आपटली की पोकळ वाजते. अशी जागा चालायला मजेची असते. तिथे पाय रुतत नाही आणि माणूस खुशीत येतो. मी तिथेच थांबतो.

शेवटचं झपाट्याने बदललेलं तापमान. सकाळी उणे बारा आणि दुपारी शून्याच्या वर, असा दिवस असेल तर निरीक्षणं तासातासाला नवी घ्यायची.

चालता चालता काठीने

दर पाच-दहा मिनिटांनी काठी उलटी करून मुठीच्या बाजूने बर्फात सावकाश, सारख्या जोराने दाबा. वर घट्ट, मध्येच एकदम सुटल्यासारखं, मग पुन्हा घट्ट असं लागलं तर पाटी आणि तिच्याखालचा मऊ थर तुम्ही आत्ताच चाचपलात. काठीला पातळ कच्चा थर कळत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. वाटेच्या वरच्या काठाला हाताने ३० सेंटिमीटरचा चौकोन कापून वरून ओढून पाहायलाही अर्धं मिनिटच लागतं. आठ-दहा फुटांचा, खाली काही धोका नसलेला छोटा उभा बांध दिसला तर वरून त्यावर दणकून पाय द्या. तो तुटला तर तशाच दिशेचा मोठा उतारही तुटू शकतो.

खड्डा: कुठे, किती, कसा

जागा निवडण्यात अर्धं काम होतं. ज्या उतारावर जायचंय त्याच दिशेची, साधारण त्याच उंचीची, पण तीव्रता ३० च्या जरा आत आणि वर काही न लटकणारी जागा पाहा. झाडांपासून लांब, पावलांनी तुडवलेलं नसलेलं, वाऱ्याने खरवडलेलं किंवा भलतंच भरलेलं नसलेलं ठिकाण हवं. प्रोब, म्हणजे बर्फात खुपसायची लांब घडीची सळई, खुपसून खोली मोजा. पाच-सहा ठिकाणी सारखी लागली तर जागा प्रातिनिधिक समजा. मध्येच खडक लागला तर सरका, कारण खडकाभोवतीचा बर्फ वेगळाच असतो.

सव्वा ते दीड मीटर खोली बहुतेक वेळा पुरते, कारण माणसाच्या वजनाचा परिणाम मीटरभराच्या खाली फारसा पोचत नाही. बर्फच कमी असेल तर जमिनीपर्यंत जा. प्रोबच्या खालच्या अंगाने दीड-दोन मीटर रुंद खणायला घ्या, बर्फ बाजूला टाका आणि वरची बाजू तुडवू नका, चाचणी तिथेच करायची आहे. भिंत सावलीत येईल असं पाहा. फावड्याने ती उभी आणि गुळगुळीत तासा.

आता घाई करू नका. रंगाच्या साध्या ब्रशने भिंतीवरून आडवा, हलका हात फिरवा. मऊ थर ब्रशने झडून आत जातात, कठीण थर फळीसारखे बाहेर राहतात, आणि पांढरी सपाट भिंत बघता बघता पट्ट्यापट्ट्यांची होते. पहिल्यांदा हे पाहणारा प्रत्येक जण चकित होतो. मग हातमोज्यासकट सारख्याच हलक्या जोराने प्रत्येक थरात काय शिरतं ते पाहा: मूठ, चार बोटं, एक बोट, पेन्सिलचं टोक, की फक्त चाकूचं पातं. कठीणपणाच्या या पाच पायऱ्या जगभर अशाच वापरतात. वरून खाली सावकाश कठीण होत जाणारी भिंत बरी. कठीणाच्या खाली मऊ, म्हणजे पेन्सिलखाली मूठ, असं आलं की त्या रेषेवर बोट ठेवा आणि तिथले कण बाहेर काढा.

कण गडद रंगाच्या, मिलिमीटरच्या चौकटी आखलेल्या पट्टीवर घ्या आणि आठ-दहा पट भिंगातून पाहा. बारीक, गोलसर, एकमेकांना चिकटलेले कण म्हणजे थर पक्का होत चाललाय. कोनेदार, चकाकणारे, मिठासारखे सुटे आणि चिमटीत धरताच गळून जाणारे कण पैलूदार. तळाशी पोकळ पेल्याच्या आकाराचे, रेघारेघांचे, चार-पाच मिलिमीटरचेही स्फटिक सापडतात. ते तळचं दहिवर. आणि पिसासारखे चपटे कण दोन थरांच्या मध्ये चिरडून उभे दिसले, तर एखाद्या निरभ्र रात्री पृष्ठभागावर जमलेलं दहिवर पुढच्या बर्फाखाली गाडलं गेलंय. सकाळच्या उन्हात अतिशय सुंदर दिसणारी ही गोष्ट गाडली गेली की आठवडे धोक्याची राहते. ते वर असतानाच कुठे कुठे आहे हे टिपून ठेवणाऱ्याला पुढच्या बर्फानंतर फार अंदाज बांधावा लागत नाही.

कच्चे कण तयार का होतात हे एका गणितात कळतं. जमिनीलगतचा बर्फ बहुधा शून्याच्या आसपास असतो. वर उणे १५ असेल आणि बर्फ दोन मीटर असेल, तर मीटरमागे साडेसात अंशांचा फरक पडतो. तोच बर्फ अर्धा मीटर असेल तर मीटरमागे तीस. साधारण दहा अंशांच्या पुढे फरक गेला की खालची वाफ वर सरकताना कणांना पैलू पाडते आणि त्यांची आपसांतली पकड सोडवते. दहाच्या आत असेल तर कण गोलावून चिकटतात. म्हणून कमी बर्फाचा हंगाम, सावलीतले उतार, खडकांच्या आसपासचा पातळ भाग या जागा नाजूक असतात. ‘यंदा बर्फच कमी आहे, मग धोका कसला’ हे वाक्य मी दर वर्षी ऐकतो. थर्मामीटर असेल तर सावलीत पृष्ठभागाचं आणि पुढे दर १० सेंटिमीटरवरचं तापमान घ्या. दोन नोंदींत एका अंशापेक्षा जास्त फरक असेल तिथे हे काम चालू आहे.

एखाद्या थराबद्दल संशय किती घ्यायचा, यासाठी मी पाच गोष्टी बोटांवर मोजतो: तो पृष्ठभागापासून मीटरभराच्या आत आहे का, १० सेंटिमीटरपेक्षा पातळ आहे का, शेजारच्या थराशी कठीणपणात निदान एका पायरीचा फरक आहे का, कणांच्या आकारात मिलिमीटरभराचा फरक आहे का, आणि कण पैलूदार किंवा दहिवराच्या जातीचे आहेत का. तिनापेक्षा जास्त बोटं मिटली की चाचणीचा निकाल काहीही येवो, माझा त्या उतारावरचा भरवसा गेलेला असतो.

विस्तारित स्तंभ चाचणी

चाचण्या अनेक आहेत. एकच शिकायची तर ही शिका. रॉन सिमेनहॉइस आणि कार्ल बर्कलंड या हिमस्खलन-अभ्यासकांनी ती २००६ मध्ये मांडली. तडा सुरू होतो का, याच्या पुढे जाऊन तो पसरतो का, हे ती दाखवते, आणि माणूस गाडला जाणं पसरण्यावरच ठरतं.

भिंतीच्या वरच्या काठावर उताराला आडवं ९० सेंटिमीटर आणि उताराच्या वरच्या दिशेने मागे ३० सेंटिमीटर मापून खुणा करा. दोन्ही बाजू करवतीने कापा. मागची बाजू कापायला दोन्ही टोकांशी प्रोब उभे करून त्यांच्यामागून गाठी मारलेली दोरी फिरवा आणि दोघांनी आळीपाळीने ओढा. काप संशयित थराच्या खालपर्यंत गेला पाहिजे; अर्धवट कापलेला स्तंभ खोटं धैर्य देतो. आता स्तंभाच्या एका टोकावर फावड्याचं पातं ठेवा. मनगटातून दहा थापा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा. जोर लावून आपटायचं नाही, हाताचं वजन पडू द्यायचं. मोठ्याने मोजा. दुसऱ्याने गुडघ्यावर बसून भिंतीवर नजर ठेवायची, कारण मारणाऱ्याला भेग दिसत नाही.

बाराव्या थापेला फावड्याखाली एक केसाएवढी रेष उमटते. ती तिथेच थांबली, की त्याच थापेला किंवा लगेच पुढच्या थापेला सरसर ९० सेंटिमीटर पार करून दुसऱ्या टोकाला गेली, यावर सगळा निकाल आहे. पार गेली तर तडा इथे धावतो. किती थापा लागल्या हा दुय्यम तपशील. बावीस लागल्या म्हणून खूश होणारे मी पाहिलेत, पण पार गेली ती गेलीच. नोंद करताना थापेचा आकडा, वरून खोली आणि थरातले कण लिहा. वरची पाटी सरकून हातात आली तर तिची खालची बाजू पाहा: आरशासारखी सपाट असेल तर तडा तिथे सहज पळेल.

फक्त ३० बाय ३० चा स्तंभ ठोकायची जुनी चाचणी लवकर होते आणि कच्चा थर शोधायला उत्तम आहे, पण पसरण्याबद्दल ती थेट बोलत नाही. थर मीटरभराहून खोल असेल तर थापांचा जोर तिथवर पोचत नाही. तेव्हा उताराच्या दिशेने एक मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद ठोकळा मोकळा करून करवतीची बोथट बाजू खालून कच्च्या थरातून वर ओढत नेतात. निम्म्याहून कमी कापल्यावरच तडा आपला आपण टोकापर्यंत पळाला तर थर तयार बसलाय.

निकाल ‘तडा गेला नाही’ असा आला तर? दहा पावलांवर दुसरी चाचणी करा. तरीही नाही आला तर तुम्हाला एवढंच कळलं की या दोन ठिकाणी, आज, या वेळी तडा गेला नाही. बर्फ उतारभर सारखा नसतो. वाटेवर ‘धप्प’ ऐकली असेल आणि चाचणी शांत असेल, तर मी ‘धप्प’ खरी मानतो. हजारो चौरस मीटरच्या उताराने दिलेलं उत्तर आणि चटईएवढ्या तुकड्याचं उत्तर, यांत मोठ्याचं ऐकायचं.

ओल्या बर्फाचं वेगळं घड्याळ

वसंतात खड्ड्यापेक्षा घड्याळ कामाचं. रात्री आभाळ मोकळं असेल तर बर्फ उष्णता आकाशात फेकतो आणि हवा शून्याच्या थोडी वर असली तरी पृष्ठभाग गोठतो. ढगाळ रात्री गोठत नाही. पहाटे कवच माणसाचं वजन पेलतंय ना, ते पाहा. ऊन आधी पूर्वेकडच्या उतारांवर येतं, मग दक्षिणेकडच्या, दुपारी पश्चिमेकडच्या. त्याच क्रमाने तिथून निघा. उतारावरून आपोआप गोळे घरंगळू लागले, मुठीत दाबल्यावर पाणी निथळलं, पाय घोट्याच्या वर रुतू लागला की उशीर झालाय. दक्षिण गोलार्धात दक्षिणेच्या जागी उत्तर वाचा.

वही आणि माणसं

वही छोटी, पेन्सिल दोरीने बांधलेली. वेळ, उंची, उताराची दिशा आणि अंश, आभाळ, वारा, हवेचं तापमान, ताज्या बर्फाची खोली, आणि दिसलेली-ऐकलेली चिन्हं. जे दिसलं ते एका बाजूला आणि त्यावरून जे वाटलं ते दुसऱ्या बाजूला लिहा. ‘वायव्येकडचा उतार, ३४ अंश, काठी पोकळ वाजते’ हे पाहणं झालं. ‘बहुधा ठीक आहे’ हे मत. दोन्ही एकाच ओळीत लिहिली की दुपारपर्यंत मतच निरीक्षण होऊन बसतं. प्रोबवरची मापं फोटोत येतील असे भिंतीचे फोटो घ्या.

निर्णय चुकतो तो बऱ्याचदा माहितीच्या अभावी चुकत नाही. इयन मॅककॅमन या अभ्यासकाने हिमस्खलन-अपघातांच्या नोंदी चाळून दाखवलं की ओळखीचा उतार, शिखराची ओढ, गटातल्या जाणत्यावर डोळे मिटून विश्वास, पुढे गेलेल्यांची ताजी पावलं अशा गोष्टी समोरची चिन्हं झाकून टाकतात. त्यावर आम्ही एक नियम केलाय: परत फिरायचं म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. सर्वांत नवख्याने म्हटलं तरी फिरायचं. आणि कुठलं चिन्ह दिसलं की परतायचं हे निघण्याआधी, पोट भरलेलं आणि डोकं थंड असताना ठरवायचं.

उतार ओलांडायचाच ठरला तर एकेकाने, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर न हलवता. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढलेले. ४५७ किलोहर्ट्झचा बीकन, म्हणजे गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ-यंत्र, अंगावर, निघताना प्रत्येकाचा तपासलेला. प्रोब आणि फावडं प्रत्येकाकडे, पिशवीत वरच्या वर. स्वित्झर्लंडमधल्या १९८१ ते २०२० च्या नोंदींनुसार पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहात नऊ वाचतात, आणि अर्ध्या तासापर्यंत हे प्रमाण तीनावर येतं. बाहेरून मदत दहा मिनिटांत पोचत नाही, तेव्हा शोधणारे तुम्हीच.

काम झालं की खड्डा बुजवा. मागून येणाऱ्या स्कीवाल्याला सावल्या न पडणाऱ्या फिक्या उजेडात दीड मीटरची उभी भिंत दिसत नाही. करवत कोरडी पुसा, दोरीच्या गाठींतला बर्फ काढा, नाहीतर पुढच्या थांब्यावर ती गोठून काठीसारखी ताठ झालेली असते आणि दुसरी चाचणी करायचा कंटाळा येतो.